दुसरबीडजवळचं वळण

लोणारचं सरोवर पाहायला म्हणून मी पुणं सोडलं, तेव्हा मोटारसायकल घेऊन मला चार महिने झाले होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच कुठे तीन-चार वर्षांचं झालं होतं. रस्त्यावर वाहनं तुरळक, त्यामुळे नगर, औरंगाबाद, जालना हा सगळा टप्पा मी भरधाव मारला. सरळ रस्त्यावर वेगात जाता येणं म्हणजेच गाडी येणं, अशी माझी समजूत होती. अरुंद जागी मात्र मी दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडी रेटत नेई, आणि तसं करताना कोणी बघत नाही ना, याची आधी खात्री करून घेई.

सिंदखेडराजा मागे पडलं. दोन्ही बाजूंच्या काळ्या शेतांत कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बायकांच्या ओच्यांचे मोठे गोळे झाले होते. दुसरबीडला चहासाठी थांबलो. दुकानातल्या चौघांनी गाडीभोवती फेरी मारली, तसा मला चेव आला. "पुण्याहून निघून कालच्या दिवसात जालन्यापर्यंत आलो," मी सांगितलं. "ही गाडी हातात असली की रस्ता कसाही असो."

ते ऐकून बाकावर बसलेली एक बाई उठली. पांढरं लुगडं, हातात कातडी पिशवी, वय पस्तिशीच्या आसपास. तिथल्या दवाखान्यातली नर्स, सुमनबाई.

"दादा, तीन मैलांवर एक बाळंतीण अडून राह्यली. बैलगाडी याले अजून तास लागन. तुमी सोडता काय?"

"बसा," मी म्हणालो. "दहा मिनिटांत पोचवतो."

एवढा वेळ माझ्याकडे पाहणारे चौघे आता तिच्याकडे पाहू लागले. परक्या माणसाच्या मागे बसायचं म्हणून तीही क्षणभर थबकली असावी. मग पिशवी मांडीवर घेऊन एका अंगाने बसली.

गाडीवाटेने (बैलगाडीच्या कच्च्या वाटेने) अडीच मैल बरे गेले. मग ओढ्याच्या काठी वाट एकदम मागे फिरल्यासारखी वळली. एका बाजूला निवडुंगाचं कुंपण, दुसऱ्या बाजूला खोल चर. मी वेग कमी केला, आणि वेग कमी होताच गाडी डुलू लागली. माझी नजर चरावर खिळली. हँडल पूर्ण वळलेलं असताना मी घाबरून हाताचा ब्रेक आवळला आणि गाडी जागच्या जागी आडवी झाली. माझा गुडघा फुटला. सुमनबाई मनगटावर पडल्या.

आवाज ऐकून शेतातून तीन-चार माणसं धावत आली. "काऊन, काय झालं?" (काऊन म्हणजे का.)

मी म्हणालो, "बाई मागे एकदम हलल्या."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं, की ते मी आधीच ठरवून ठेवलं असावं. धावत आलेल्यांतला एकजण हसला. "बाईले बसाची सवय नसन." सुमनबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. सुजत चाललेला हात पदरात गुंडाळून त्या उरलेली वाट चालत गेल्या. मी पिशवी घेऊन मागे.

बाळंतिणीची सासू त्यांचा दुसरा हात झाली. अंगणात बसून मी आतला आवाज ऐकत होतो. "पाणी द्या. आता इकडून धरा. घाबरू नका." दिवस कलताना मुलगी झाली. घरच्यांनी मला चहा दिला. तो मी घेतला, याचीही मला आज लाज वाटते.

हँडल वाकलं होतं. गाडी ढकलत दुसरबीडला आणली, तेव्हा कळलं की गावात गाडी सरळ करू शकेल असा माणूस एकच, आणि तो सुमनबाईंचा नवरा. किसनराव लढाईच्या काळात पलटणीत होते, मोटारसायकलवरून निरोप पोचवायचे. आता सायकली आणि इंजिनं दुरुस्त करत. त्यांनी मला घरात घेतलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. सुमनबाईंच्या हाताला पट्टी, म्हणून भाकरी किसनरावांनीच थापल्या. सोबत बेसन (आपल्याकडचं पिठलं) आणि ठेचा.

जेवताना त्यांनी शांतपणे विचारलं, "ते हालली म्हणता?"

मी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवत राहिलो.

"फटफटी होती तवर आठ वर्सं माह्या मागं बसून राह्यली ते. झोप लागली तरी हालत नाई."

सकाळी हँडल सरळ करून त्यांनी गाडी रिकाम्या खळ्यावर नेली. सहा विटा दोन रांगांत मांडल्या आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

"जोरात तं कोणीबी चालवते. माह्या संगं चाला. माह्या पुढं जाचं नाई, पाय टेकवाचा नाई."

मी चार वेळा पडलो. पाणी भरून येणाऱ्या बायका थांबून पाहत होत्या. किसनराव दर वेळी गाडी उचलायला हात लावत आणि एकेक गोष्ट सांगत. क्लच अर्धा धरा. इंजिनाचा आवाज एकसारखा ठेवा. हाताचा ब्रेक विसरा, पायाचा नुसता टेकवा. "आन् विटेकडं काऊन पाहता? जिकडं जाचं तिकडं पाहा. मान फिरवा पुरी."

ऊन चढेपर्यंत मी त्यांच्या पावलाच्या वेगाने विटांमधून आठाचा आकडा काढू लागलो. त्यांनी शाबासकी दिली नाही. घराकडे वळून हाक मारली, "जातं काय वं? बाळंतीण पाहाची हाये ना?"

आणि सुमनबाई पट्टी बांधलेला हात छातीशी धरून पुन्हा माझ्या मागे बसल्या. नकार दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या वळणावर मी मान पूर्ण फिरवली, पलीकडच्या बाभळीकडे पाहत राहिलो, आणि गाडी चालत्या माणसासारखी वळून गेली. पुढे जाऊन मी थांबलो. "बाई, काल तुम्ही हलला नव्हता. चूक माझी होती."

"मले कायले सांगता? मले तं मालूम हाये," त्या म्हणाल्या. "ज्यायले सांगतलं, त्यायले सांगा."

बाळंतिणीच्या अंगणात काल शेतातून धावत आलेलीच माणसं होती. मी उभ्यानेच सांगितलं. पहिल्यांदा कुणाला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून दोनदा सांगावं लागलं. काल हसलेला माणूस आजही हसला, या खेपेस मला. म्हातारी सासू माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "त्या हातानं तिनं माही नात काढली, बाबा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी लोणार पाहिलं. काठावरून खाली उतरणारी झाडी, तळाशी हिरवट, खारं, निश्चल पाणी. त्याचं वर्णन मी परतल्यावर अनेकांना केलं. या वळणाबद्दल मात्र आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, एक बायको सोडून.

तिने गुडघ्याची जखम पाहून विचारलं होतं, "रस्ता फार खराब होता का हो?"

तिने आयतीच दिलेली ती सबब घ्यावी, असं क्षणभर वाटलं.

"रस्ता होता तसाच होता," मी म्हणालो. "मला वळता आलं नाही. आणि पडल्यावर मी खोटं बोललो."

तिने हळदीची वाटी खाली ठेवली आणि समोर बसली. मग मी सगळं सांगितलं.