उपरण्याखालची बधिर बोटं

डॉक्टरबाईंनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे दोन पात्यांचा लोखंडी काटा, टेबलावर आपटला आणि थरथरता माझ्या पायाच्या अंगठ्याला टेकवला.

"जाणवतंय?"

"दिसतंय. जाणवत न्हाई."

घोट्यावर नाही, हाताच्या बोटांवरही नाही. गुडघ्यावर मात्र गुणगुणला. भीतीच्या आधी मला नवलच वाटलं.

"ही पेरिफेरल न्यूरोपथी," त्या म्हणाल्या. म्हणजे हातापायांच्या टोकाच्या नसांना इजा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मला केमो चालू होती, तिचाच हा दुष्परिणाम. पुढच्या सलाइनमधलं नसांना बाधणारं औषध त्यांनी कमी केलं. "नसा सावकाश सुधारतात. पण पूर्ण सुधारतीलच असं मी सांगणार नाही."

मी घोडेगावच्या बैलबाजारात दलाल आहे. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आतून बोटं धरायची, जितकी बोटं तितका आकडा. ज्याला बोटं कळत नाहीत, त्याला बाजारात कोण विचारणार?

केमो संपल्यावर पहिल्याच बाजाराला गेलो. हुसेनभाई हे जुने व्यापारी, त्या दिवशी बैल घेणारे तेच. उपरण्याखाली त्यांनी बोटं धरली, मी तीन समजून मान डोलावली.

ते कानाशी आले. "नाना, चार धरली व्हती. तब्येत बरी हाय ना?"

दुसरा असता तर तिनावरच सौदा उरकून मोकळा झाला असता. घरी येऊन मी रडलो.

मग मात्र प्रत्येक गोष्ट पारखून बघायची खोड स्वस्थ बसू देईना. डोळे मिटून हात पुढे केला आणि बायकोला, मंदाला, काडीपेटीतली काडी टोचायला सांगितली.

"आता कुठंय?"

"बोटावर आसंल."

"आवं, कवाच मनगटावर आले."

मनगटाच्या जरा वर काडी टोचली तेव्हा कुठे ओरडलो. इतका आनंद मला ओरडताना कधी झाला नव्हता.

असं का, हे डॉक्टरबाईंना विचारलं. "लांबच्या नसा आधी दुखावतात. पाटाच्या शेवटच्या वाफ्याला पाणी कमी पडतं ना, तसं समजा."

हे सगळं हुसेनभाईंना सांगितलं. "मंग वर दाबू. त्यात काय एवढं," ते म्हणाले. पुढच्या सौद्याला उपरण्याखालून त्यांचा हात माझ्या मनगटाच्या वर सरकला आणि जितका आकडा तितक्या वेळा त्यांनी दाबलं. एकूण एक दाब कळला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

बोटं अजून बधिरच आहेत. आंघोळीचं पाणी मी कोपरानं बघतो, अनवाणी फिरत नाही, रोज तळवे तपासतो. केमो चालू असताना हातापायांना मुंग्या आल्या, तर त्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. अशक्तपणा असेल म्हणून गप्प बसू नका.

बाजारात हे हुसेनभाईंशिवाय कुणाला ठाऊक नाही. इथं लिहिलं म्हणजे आता सगळ्यांना कळणार. कळू दे.