आधी जागा रामीबाई पाहणार

ऊसतोडीची टोळी कारखान्याजवळच्या माळावर पोचली, की ट्रकमधून आधी रामीबाई उतरायची. बाकीची बिऱ्हाडं वरच बसून राहायची. भांडी, लेकरं, कोंबड्या, शेळ्या, सगळं वर. मुकादम गोविंदसिंग खालून बोंबलायचा, "उतरा ना बे! मुहूर्त पाहून राह्यले काय?" कोणी हलत नसे. आधी जागा रामीबाई पाहणार, मग खाली पाय ठेवायचा, हे कामरगावपलीकडच्या त्यांच्या तांड्यात ठरूनच गेलं होतं.

पाहायची म्हणजे काय करायची? लोटाभर पाणी जमिनीवर ओतायची अन् ते कुणीकडं पळतं ते बघायची. गावची कुत्री दुपारी कुठं झोपतात ते बघायची. बिळं किती आहेत, बायांना अंधारात किती लांब जावं लागेल, धूर कोणाच्या तोंडावर जाईल. अन् शेवटी फड किती दूर आहे. ऊस तोडायचा तो फड हाकेच्या पलीकडं असला, तर जागा कितीही गोड असो, रामीबाई ती नापास करायची.

बावीस हंगामांत तिनं पास केलेल्या जागेवर एकाही कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, पाणी शिरलं नाही, एकाही लेकराला साप डसला नाही. एका वर्षी गोविंदसिंगनं ऐकलं नाही. आपली कोपी त्यानं उताराला घातली, अन् अवकाळीत त्याची गादी तरंगली. ओल्या अंगानं तो रामीबाईच्या दारात उभा राहिला, तर ही म्हणते, "या मुकादम. सापडला का मुहूर्त?"

या कामाला सरकारदरबारी नाव नाही. कागदावर नकाशे काढून बांधलेले पूल पहिल्या पुरात जातात, तरी बांधणाऱ्यांच्या नावापुढच्या पदव्या जागेवर राहतात. रामीबाईच्या कार्डावर लिहिलंय, मजूर. तिला त्याचा राग आहे. पण राग तिला सगळ्याचाच आहे, त्यामुळे यासाठी वेगळा काढावा लागत नाही.

गुडघे गेले तशी चार वर्षांपासून ती टोळीत जात नाही. तांड्यावर दोन एकर कोरडवाहू, नवरा प्रेमसिंग, अन् पोरगी मंजू.

मंजू अशाच एका कोपीत जन्मली. वसतिगृहात राहून शिकली, कारंज्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला, अन् चोविसाव्या वर्षी तिला नोकरी लागली ती अशी, की जिचं ऑफिस तिनं स्वतः पाहिलेलं नाही. पाणी शुद्ध करायच्या मशिनी विकणारी कंपनी. मशीन बिघडलं की लोक फोन करणार, मंजूनं लॅपटॉपसमोर बसून त्यांचं गाऱ्हाणं ऐकायचं. काम कुठूनही करा, म्हणाली कंपनी, फक्त लाइन तुटली नाही पाहिजे. तीन महिने बघू, मग पक्कं करू.

'कुठूनही' म्हणणाऱ्यानं तांडा पाहिला नव्हता. मंजूनं पाण्याच्या टाकीवर बसून पाहिलं, सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर बसून पाहिलं, रोज जीपनं कामरगावला जाऊन झेरॉक्सच्या दुकानातल्या स्टुलावर बसून पाहिलं. तरी दोनदा लाइन तुटली. दुसऱ्या वेळी पुण्याची एक बाई "पाण्याला वास येतो" म्हणाली, अन् पुढं नुसती शांतता. संध्याकाळी टीमच्या वैजयंती मॅडमचा फोन आला. "मंजू, काम तुझं चांगलं आहे गं. पण आता तिसऱ्यांदा तुटली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

रस्ता दाखवला नितानं. ती त्याच टीममधली, कोकणातल्या वेळशेत नावाच्या लहानशा गावची. दोघी एकमेकींना आवाजानंच ओळखायच्या. निता म्हणाली, "आमच्याकडं ये. समुद्राच्या काठाला माझ्या मावशीचं घर आहे, एक खोली रिकामी. शहरातले लॅपटॉपवाले इथं येऊन महिना-महिना राहतात, त्यांच्यासाठी केबल ओढलीय. नेट नुसतं पळतं. सोमवारी दहाला तू इथूनच बस."

तांड्यात चर्चा सुरू झाली. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "जवान पोरगी, एकली समुद्रावर? लोक काय म्हनतीन?"

रामीबाई भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुही सून सहा महिने फडात जाते, तवा लोकायच्या तोंडात काय ऊस कोंबेल असते?"

शेजारीण गेली. प्रेमसिंग म्हणाला, "जाऊ दे तिले. शिकेल पोरगी हाय."

"जाऊ दे मी बी म्हनते. पन जागा कोनं पाह्यली?"

"याडी, नितानं पाह्यली ना," मंजू आईला म्हणाली. "तिच्या सख्ख्या मावशीचं घर हाय."

"तुह्या नितानं किती कोप्या घातल्या?"

दोघी निघाल्या. मूर्तिजापूरहून रेल्वे, पुढं दोन एसट्या. मंजूच्या पाठीवर लॅपटॉप, रामीबाईच्या डोक्यावर गाठोडं. त्यात ज्वारीचं पीठ, वाळल्या मिरच्या अन् लोटा. शनिवारी दुपारी वेळशेतला पोचल्या.

रामीबाईनं समुद्राकडं एकदा पाहिलं. "मोठा हाय," एवढंच म्हणाली अन् कामाला लागली.

लोटा भरून अंगणात ओतला. वाळूनं पाणी तिथल्या तिथं पिऊन टाकलं. दुसरा ओतला, तोही गडप. "ही कशी जमीन म्हनावं? पानी कुकडं चाललं ते सांगतच नाही." मग ती कुंपणाबाहेर गेली अन् जागच्या जागी ताठ उभी राहिली. कुंपणापासून खाली लाटांपर्यंत बिळंच बिळं. बोटाएवढी, मनगटाएवढी, मोजता येणार नाहीत इतकी.

"मंजू, सामान उचल."

"काय झालं याडी?"

"इथं सापायची जत्रा हाय."

निता हसत धावली. "अहो काकू, साप कुठले! खेकड्यांची बिळं आहेत ती."

"खेकडा वढ्याच्या चिखलात असते बाई. कोरड्या रेतीत काय तो पापड वाळवते? बावीस साल बिळं पाह्यली म्या. मले शिकवू नको."

मंजूला निताचं पटलं होतं. पण या बाईनं निवडलेल्या जागेवर आपण जन्मलो अन् जगलो, हिला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं पिशवी उचलली.

रामीबाईनं जागा शोधली ती वर, कातळावर. आंब्याच्या बागेत राखणदाराची एक खोली रिकामी होती. जमीन कडक, लोट्यातलं पाणी सरळ पूर्वेला पळालं, बीळ औषधालाही नाही, दारात दोन कुत्री पाय ताणून झोपलेली. तिचा चेहरा असा फुलला, जसा दोन दिवसांत फुलला नव्हता. "पाह्य! याले म्हनते जागा."

रविवारी सकाळी मंजू फोन हातात धरून सगळा कातळ फिरली. दगडावर चढली, झाडाखाली वाकली, हात उंच केला. नेटवर्कची एक दांडी दिसेना. परत आली तेव्हा रामीबाई चूल मांडत होती.

"याडी, उद्या दहाले माही नोकरी जाते."

"नोकरी काहून जाईन? जागा येवढी चोख हाय."

"चोख हाय. पन फड कोठी हाय सांग." मंजूचा आवाज चढला. याडीपुढं तो पहिल्यांदाच चढला होता. "फड हाकेवर पाह्यजे म्हनते ना तू? माहा फड खाली हाय, त्या बिळायपाशी. इथून हाक जात नाही."

रामीबाईनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. दुसऱ्याला लावलेला दंडक आपल्यावर आला की माणसं एकतर ओरडतात, नाहीतर कारणं सांगतात. ती दोन्ही करण्यात पटाईत. पण तिनं चुलीचे मांडलेले दगड एकेक करून बाजूला केले.

"काल काहून नाही बोलली?"

"तुह्यापुढं कोन बोलते?"

"बोलाव लागत व्हतं कोनीतरी," रामीबाई म्हणाली, अन् गाठोडं बांधायला घेतलं.

खाली निताची मावशी, लिलाबाई, दोरीवर बोंबील वाळत घालत होती. कोळ्याची बाई, तिचीही जीभ काही कमी नव्हती. रामीबाईला परत आलेली पाहून तिनं हातातले बोंबील खाली ठेवले. वाळूत गुडघ्यावर बसली, बिळात कोपरापर्यंत हात घातला, अन् नांगी हलवणारा खेकडा ओढून रामीबाईच्या तोंडापुढं धरला. "घ्या, तुमचा नाग."

रामीबाईनं खेकडा उलटा-सुलटा करून पाहिला. "हा वढा सोडून इथं कायले मरते?"

"त्याला इथंच मानवतं, बाय."

रामीबाईनं खेकडा खाली सोडला. तो तिरपा पळाला तसं तिला हसू फुटलं, अन् फुटलं ते थांबेना. डोळे पुसत ती लिलाबाईशेजारी वाळूत बसली. जन्मात कोणाला न विचारलेली गोष्ट तिनं विचारली. "मंग तुमी इथं जागा कशी पाह्यता?"

लिलाबाईनं तिला हाताला धरून नेलं. वाळूवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरली होती, जाड पानांची. "ही मर्यादवेल. समुद्र हिला सहसा ओलांडत नाही. घर बांधायचं ते हिच्या मागं. आमचं तीस पावलं मागं आहे, मोजून बघा."

रामीबाईनं मोजलं. "चौतीस भरले."

"माझे पाय लांब, तुमचे गुडघे गेलेत."

जागा पास झाली.

सोमवारी सकाळी सातलाच रामीबाईनं विचारलं, "तुहं काम येते कुठून?" मंजूनं खिडकीतून दाखवलं. रस्त्यावरच्या खांबावरून एक काळी तार निघाली होती. अंगणातल्या माडाच्या खोडाला चिंधीनं बांधली होती, तिथून खिडकीत शिरली होती.

"येवढ्याशा दोरीवर?"

"हो. हे तुटलं की झालं."

दहाला मंजू आत बसली, ती सहापर्यंतच्या पाळीला. रामीबाई काठी घेऊन माडापासून चार हातांवर बसली. अकराला शेजारच्या बकरीनं तारेला तोंड लावायचा विचार केला, तो बकरीनं पुन्हा आयुष्यात केला नसेल. बाराला निता जेवायला बोलवायला आली, तर हिनं भाकर तिथंच मागवली. दोनच्या सुमाराला कमरेला कोयता अन् खांद्यावर दोर असलेला एक माणूस अंगणात आला. नारळ पाडणारा रवी. चाळिशीचा, गावभर माड चढणारा.

"मावशी, जरा बाजूला. नारळ पाडायचेत."

"सहानंतर."

"सहानंतर उजेड फार राहत नाही. मला आज चौदा झाडं करायचीत."

"मंग तेरा करून ये."

रवी हसला. "अहो, एक घड पाडायला किती वेळ लागतो?"

रामीबाईनं काठीनं तार दाखवली. "हे पाह्यली? याच्यात माही पोरगी हाय."

"म्हणून काय माडानं थांबायचं? नारळ काय तुम्हाला विचारून पडतात?"

"पाडून तं दाखव."

रवीनं तिच्याकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं. ऊस तोडून तोडून पिळवटलेले ते हात त्यानं बघितले, अन् तो मुकाट्यानं दुसऱ्या झाडाकडं गेला.

साडेपाचला तेरा झाडं करून परत आला. लिलाबाईनं चहा दिला, तो घेऊन रामीबाईशेजारी टेकला. आतून मंजूचा आवाज येत होता. पलीकडचा माणूस बहुतेक शिव्या देत असावा, कारण मंजू मधूनमधून गप्प व्हायची अन् मग त्याच सुरात म्हणायची, "साहेब, तुमचा राग बरोबर आहे. फिल्टरचं झाकण उघडून मला काय दिसतं ते सांगाल का?"

रामीबाईच्या काठीवरची मूठ आवळली. रवीनं ते पाहिलं. "आत जाऊ नका हं मावशी."

"मी असती तं त्याले मशीनसकट विहिरीत ढकललं असतं. ह्या पोरीले इतकं थंड बोलनं कोनं शिकवलं?"

"तुमच्याकडून तर शिकली नाही, एवढं मी सांगतो."

रामीबाईनं त्याला काठी दाखवली, पण हसली.

सहा वाजून गेल्यावर मंजू दारात आली. दिवसभर कानांवर घातलेल्या यंत्रानं कानशिलावर वळ उठले होते. "याडी. एकदाबी नाही तुटली. मॅडम म्हने, असीच बसत राह्य."

रामीबाईनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, नाक ओढलं, अन् रवीकडं वळली. "चढ आता."

रवी सरसर चढला. पहिला घड तोडला. घड सुटला तो थेट तारेवर. चिंधी फाटली, तार मधोमध तुटली अन् तिचं टोक वाळूत जाऊन पडलं. वरून रवीचा बारीक आवाज आला, "मावशी, चुकलं हो."

"तुहं काय चुकलं? बांधनाराचं चुकलं. फळाच्या झाडाले कोनी जीव टांगते का?" रामीबाईनं अंगणाभोवती नजर फिरवली. कुंपणाच्या कोपऱ्यात सुरूचं एक झाड होतं. तिनं जाऊन त्याच्या खोडावर हात ठेवला, वर पाहिलं, खाली पाहिलं. "याले बांधा. याच्यावरून पडाले काही नाही, अन् ढोरं इकडं येत नाहीत."

"केबलवाला उद्या दुपारशिवाय यायचा नाही काकू," निता म्हणाली.

"तो दहाच्या आत येईन." रामीबाईनं पदर खोचला. "घर कोठी हाय त्याचं?"