आमच्या साडूंचा कॉम्प्युटर

परभणी जिल्ह्यात काहीही बंद पडायचं असलं, की त्याची खबर आधी माझ्या थोरल्या साडूंना लागते, असं मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. पंखा, पिठाची गिरणी, एसटी, शेजाऱ्याचा घसा, कशाचीही कुरकुर त्यांना आमच्या आधी ऐकू येते. एकदा एसटीनं सहकुटुंब पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघालो होतो. अर्ध्या वाटेत साडू डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत बसले आणि एकदम उठून म्हणाले, "उतरा समदे. ही पोचत न्हाई." बायका, पोरं, नारळ, फराळाचे डबे असं सगळं लटांबर भर उन्हात रस्त्यावर उतरलं. बस धूळ उडवत गेली आणि व्यवस्थित पोचली. आम्ही देवळाशी पोचलो तेव्हा तिचे प्रवासी प्रसाद खाऊन परत निघाले होते. माझी बायको फणकाऱ्यानं म्हणाली, "दाजी, पोचली की बस." साडू शांतपणे म्हणाले, "आज पोचली. उद्या बघ." दुसऱ्या दिवशी ती बस खरोखरच वाटेत बसली, पण त्याचा आम्हाला काय उपयोग?

अशा माणसाला आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात कॉम्प्युटरवर नेमा, असा शब्द मालकांकडे मीच टाकला. मी तिथे कारकून होतो. तेव्हा जिल्ह्यात कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके, आणि आमच्या मालकांनी हौसेनं एक आणला होता. कुणाच्या किती गाड्या आल्या, किती गाठी बांधल्या, ते सगळं त्यात घालायचं. साडू हैदराबादला जाऊन त्याचं शिकून आले होते. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "हंगामात एकदा जरी हे अडलं, तर मशीन माघारी आन् तुमी चुडाव्याला." चुडावा हे साडूंचं गाव. तिथे वाटणीला आलेलं दगडाळ रान आणि टोमणे मारणारे दोन भाऊ, एवढंच त्यांची वाट बघत होतं. मला मुळातच कशाचीही धास्ती आणि कशाचाही अपराध वाटतो. त्या दिवसापासून साडूंच्या प्रत्येक वेडेपणाचं निम्मं पाप माझंच आहे, असं मला वाटू लागलं.

आणि वेडेपणाला तोटा नव्हता. समोरच्या पानटपरीतला दिवा जरा पिवळा पडला, की हे ताटावरून उठून उष्ट्या हातानं मशीनकडे धावत. त्यांच्या लेखी तो दिवा म्हणजे साऱ्या परभणीच्या विजेची नाडी. टपरीवाला एकदा कंटाळून दिवा बदलायला निघाला, तर यांनी त्याला हात जोडले, "नवा नको लावूस. याचा रंग आता माझ्या वळखीचा हाय." मी विचारलं, "साडू, मशीन नीट चालतंय ना? मग सारखं काय बघायलात?" ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "बंद पडल्यावर तर कुणीबी बघतंय. चालायलंय तवर बघायचं असतंय."

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे कापूस. जिनिंगची रुई हवेत उडते, डोक्यावर, भुवयांवर, मिशांवर बसते. ती मशीनच्या पोटात गेली की संपलं. म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात साडू कुंचा घेऊन उभे. आत जाणाऱ्याला आधी टोपीपासून टाचेपर्यंत झाडायचं. अंगाला झाडू लागणं म्हणजे आपल्याकडे केवढा अपमान! पण हमाल, मुकादम, मी, सगळ्यांनी तो मुकाट्यानं सोसला.

एका हंगामात पालमचे एक कापडाचे बडे व्यापारी आपल्या मुलासाठी मालकांच्या मुलीच्या सोयरिकीचं बोलायला आले. बोलणी होत आली होती. मालकांनी हौसेनं त्यांना सारी जिनिंग फिरवली आणि शेवटी कॉम्प्युटर दाखवायला आणलं. पाहुणे नखशिखांत पांढरे झालेले. दार आलं, आणि काही कळायच्या आत साडूंनी त्यांच्या पागोट्यावर कुंचा फिरवला.

पाहुणे पागोटं सावरत म्हणाले, "सोयरीक करायला बोलावलं, का झाडू मारायला?" मालकांचा चेहरा वांग्यासारखा झाला. "माफी मागा," ते साडूंवर ओरडले, "न्हाई तर आत्ताच्या आत्ता चुडावा गाठा."

साडूंनी हात जोडले. कुंचा तळहातांच्या मधोमध तसाच. "माफ करा, पाव्हणे. लय चुकलं माझं. इचारून झाडाय पायजे होतं." जरा थांबून त्यांनी अदबीनं विचारलं, "आता झाडू का?"

पाहुण्यांनी खाली बघितलं. पागोट्यावरून पडलेल्या रुईचा बोळा पायाशी होता. त्यांनी तो उचलून चिमटीत चोळला. "एवढी माझ्या अंगावर होती?"

"धोतराला अजून हाय."

"आन् तुमच्या शेठला न्हाई झाडत?"

"रोज झाडतो."

"कशानं?"

"ह्याच्यानंच."

पाहुण्यांनी मालकांकडे बघितलं. मालकांनी छताकडे बघितलं. मग पाहुणे असे हसायला लागले की पागोटं हातात धरावं लागलं. हसता हसता त्यांनी दोन्ही हात पसरले. "घ्या, झाडा. आन् माझ्यादेखत ह्यांनाबी झाडा." सोयरीक जमली. लग्नात वरपक्षानं साडूंना आवर्जून पहिल्या पंगतीत बसवलं.

मशीन कधी अडलं नाही. एकाही हंगामात नाही. काही वर्षांनी नवं, वेगवान मशीन घ्यायचं ठरलं, त्याच्याबरोबर औरंगाबादचा इंजिनियरही ठरला. मालकांनी साडूंना गाड्या तोलायच्या काटाघरात चांगली जागा दिली, त्याबद्दल तक्रार नाही. जुनं मशीन न्यायला हातगाडी आली त्या सकाळी मी तिथे होतो. साडूंनी शेवटचं काम पुरं केलं आणि बटण दाबलं. आतल्या पंख्याची घरघर हळूहळू विरली. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदाच शांतता ऐकली.

"बंद पडलं न्हाई ते," साडू माझ्याकडे न बघता म्हणाले. "आपण केलंय."

गाडीवाल्यानं विचारलं, "उचलू का, साहेब?"

साडूंनी मशीनच्या डब्यावर तळवा ठेवला. "गरम हाय अजून. निवू द्या."

गाडीवाला उंबऱ्यावर टेकला. मीही बसलो. बराच वेळ गेला, पण साडूंनी हात काढला नाही, आणि मशीन निवलं का, ते आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.