मामांचं नकली काळवीट

माझ्या मोठ्या मामांइतका कसलेला शिकारी अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडणार नाही, आणि मामांनी आजवर एक ढेकूणसुद्धा मारलेला नाही. त्यांचे वडील तलमडुगुच्या माळावर नकली काळवीट उभं करायचे. आपल्या हद्दीत परका नर घुसलेला पाहून खरा नर चवताळून जवळ यायचा, की आजोबा बंदूक चालवायचे. मामांनी यातली बंदूक तेवढी वगळली, बाकी सगळं इमानदारीनं चालू ठेवलं. कपड्यांना वास लागतो म्हणून शनिवारपासून घरात फोडणी बंद. रविवारी पहाटे साबणाशिवाय अंघोळ. माळावर पोचलं, की कापसाचा पुंजका सोडून वारा कुठून येतो ते पाहणं. काळवीटही स्वतःच्या हातचं: बांबूचा सांगाडा, वर पोतं, पाठीला फाटकाचा उरलेला काळा रंग, पोटाला चुना, शिंगांना सुतळीचा पीळ. पहिल्या वर्षी आत कडबा भरला होता, तर शेजाऱ्याच्या बैलानं सगळं पोट खाऊन टाकलं. तेव्हापासून आत कापूस असतो.

"सोताच्या लग्नात एवढे नटले नवते तुमी," मामी म्हणते, "तेवढं त्याले नटवून राह्यले."

"लग्नात माह्याकडे पाह्यत कोन होतं?" मामा म्हणतात.

सोबत ते मला नेतात, कारण मी बोलत नाही. "आमच्या बँकेतल्या एकालेबी घंटाभर गप बसता येत नाई. तू जन्माची शिकारी हायेस, बाई." माझ्या गप्प बसण्याचं कौतुक करणारा एवढाच एक माणूस मला ठाऊक आहे.

मागच्या हिवाळ्यात माळावरचा म्हातारा नर दिवाळीपासून कुणाला दिसला नव्हता. कुत्र्यांनी मारला, असं गाव म्हणत होतं. मामांचं जेवणात लक्ष नव्हतं. तो जिवंत असला, तर परका नर खपवून घेणार नाही, एवढ्याच आशेवर आम्ही तुरीच्या आड बसलो. ऊन चढलं. मामांना शिंक आली, ती त्यांनी नाक धरून गिळली. आणि तो आला. मान ताठ, चाल जरा लंगडी. एकाच धडकेत त्यानं मामांची सगळी कारागिरी आडवी केली. कापूस माळभर उडाला.

"जिता हाय!" मामा कुजबुजले. त्यांनी माझा हात इतका दाबला, की बांगडी रुतली. मोडकं मुंडकं खांद्यावर घेऊन ते गावातून मिरवत आले, आणि भेटेल त्याला सांगत होते, "हारलो आपन!"

यंदा नवं काळवीट कितीतरी रविवार उभं आहे. एक ओरखडा नाही.

"नार्नूरकडे गेला असंल," मामा काल म्हणाले. "तिकडं गवत बरं हाय."

"हो," मी म्हणाले.

निघताना त्यांनी रुमालानं नकली काळविटाच्या पाठीवरचं दव पुसलं आणि त्याला तिथंच उभं राहू दिलं.