वजीर सांभाळ

मंडळी, आज एक डाव जिंकलो आणि तेव्हापासून कशातच मन लागत नाहीये.

वर्षभर कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव खेळतोय. एक गोष्ट पक्की शिकलो. पटावर हरत असलो तरी समोरच्याची वेळ संपेपर्यंत तग धरायचा; वेळ संपली की तो हरला. रेटिंगही चांगलं वाढलं.

आज सुट्टी होती म्हणून शिरूरहून केडगावला आबांकडं गेलो. आबा माझे थोरले चुलते. बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं. आता वय झालंय त्यांचं, तरी माझ्या मोबाईलवरच्या डावांचं ऐकून हौसेनं म्हणाले, "तुझ्या त्या घड्याळावर खेळू की."

पट मांडला. मोबाईलवर दोघांना पाच-पाच मिनिटं लावली. चाल झाली की स्क्रीनवर आपल्या बाजूला बोट लावायचं, म्हणजे आपली वेळ थांबून समोरच्याची सुरू होते, हे त्यांना समजावलं.

आबा भारी खेळले. शेवटी त्यांनी घोडा असा ठेवला की माझा वजीर माऱ्यात आला. पण बोट लावायचं सोडून ते माझ्याकडं बघत बसले. "वजीर सांभाळ, बाळा."

आमच्याकडं वजिरावर चाल केली की समोरच्याला सांगायची रीत आहे.

त्यांची वेळ पळत होती. मला दिसत होतं. मी विचार करायचं नाटक करत गप्प बसलो.

मोबाईल वाजला. "टाइम संपला आबा. मी जिंकलो."

"जिंकलास व्हय? बरं झालं," आबा हसले. "पर आधी वजीर काढ तिथनं. मरतुय त्यो."

मोबाईलवर समोर कोण असतं ते दिसत नाही. आज तर आबा समोर होते. "आबा, बोट लावा" एवढं म्हणायला किती सेकंद लागले असते हो?