मागितल्याशिवाय द्यायचं नाही

दर मंगळवारी सकाळी बावड्याहून इंदापूर, तिथल्या स्टँडवर गाडी बदलून बारामती, आणि संध्याकाळी तसंच उलटं. पिशवीत पाण्याची बाटली, चपातीचा डबा, लेकीचा एक जादा फ्रॉक. लेक चार वर्षांची झाली तरी एकही शब्द बोलत नव्हती. कान तपासले होते, ते चांगले होते.

माझे यजमान चर्चचे पाळक. प्रभूच्या कामासाठी आम्ही या भागात आलो. त्यांचं कामच बोलण्याचं, आणि घरात लेक गप्प. रविवारी उपासना संपली की मंडळीतलं कुणीतरी विचारायचंच, "काय म्हणती धाकली?" काहीच म्हणत नाही, हे त्यांनाही ठाऊक असायचं.

बारामतीच्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मला धरलं. "तुम्ही फार चटपटीत आहात. तहान लागायच्या आधीच पेला पुढं करता. मग ती कशाला बोलेल? मागितल्याशिवाय द्यायचं नाही. थांबायचं."

थांबणं मला कधीच जमलेलं नाही. तरी थांबले. पाणी धरून, केळं धरून. लेक बोट दाखवायची, मग रडायची, मग जमिनीवर लोळायची. हात अवघडला की मी देऊन टाकायची.

शेजारच्या आक्का दूध घालायला येत. एकदा हे बघून भडकल्या. "आवो, पोरीला पाण्यासाठी तरसवता व्हय?"

"मॅडमनी सांगितलंय, आक्का."

"तिला काय जातंय सांगायला!" त्यांनी माझ्या हातातला पेला घेऊन लेकीला दिला. माझी महिनाभराची मेहनत घटाघटा पिऊन लेक त्यांनाच बिलगली.

एका मंगळवारी परतायला फार उशीर झाला. आक्कांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. मी त्यांनाही जेवायला बसवलं. यजमानांनी डोळे मिटून आभार मानायला सुरुवात केली. भाकरीबद्दल, आक्कांबद्दल, मग मॅडमबद्दल, मग मंडळीतल्या एकेका आजाऱ्याची आठवण. प्रार्थना संपून 'आमेन' म्हणेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. मी बसल्या जागी पेंगत होते.

"मेन," लेक म्हणाली.

यजमान थांबले. तिनं ताट पुढं ओढलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आमेन!"

"आवरा की पाळकबाबा," आक्का म्हणाल्या, "पोरगी जेवायला मागतीया."

मी भाकरी कुस्करून तिच्यापुढं ठेवली.

आता पाण्याला आमेन, केळ्याला आमेन, गाडीतून उतरायलाही आमेन. मॅडम म्हणाल्या, छान, आता 'पाणी' घेऊ. म्हणजे पुन्हा पेला, पुन्हा थांबणं. मंगळवारची पिशवी मी सोमवारीच भरून ठेवते.

आक्का मात्र आता पेला ओढून घेत नाहीत. सकाळी दुधाची किटली घेऊन दारातच उभ्या राहतात. "म्हण की गं बाय. दूध म्हण." लेक किटलीकडं बघत राहते. आक्कांच्या म्हशी खोळंबलेल्या असतात, माझा गॅस चालू असतो. आम्ही दोघी थांबतो.