हंसाबेनच्या मागून शिकलेला गरबा

हंसाबेन गेली ते मला सकाळी पाणी भरताना कळलं. नळ आला की आमच्या मजल्यावर सगळ्यांत आधी तिच्या बादलीचा आवाज व्हायचा. त्या दिवशी झाला नाही. म्हटलं, झोपली असेल. मग तिची सून जागृती दारात आली आणि म्हणाली, "मासी, बा नथी रह्यां." मी तिला विचारलं, पाणी भरलंस का? दुसरं काही सुचलंच नाही... मग तिच्या घरच्या बादल्याही मीच भरून ठेवल्या, कारण नळ काही कोणासाठी थांबत नाही.

बेसण्याला, म्हणजे माणूस गेल्यावर लोक भेटायला येऊन बसतात त्याला, तिचे भावनगरकडचे नातेवाईक आले होते. सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत. मी दाराजवळ बसले. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं, शेजारीण. ती बरं म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली. बरोबरच होतं तिचं. माझं हंसाबेनशी नातं नव्हतं, मला सुतकही नव्हतं. घरी येऊन मी भात लावला आणि जेवले.

ती काही देवमाणूस नव्हती. माझ्या स्वयंपाकघरात येऊन झाकणं उघडून बघायची. माझ्या ठेच्याला विष म्हणायची आणि स्वतः डाळीत गूळ घालायची. पुण्याला असलेला माझा मुलगा फोन करत नाही हे तिला चांगलं माहीत होतं, तरी दर रविवारी विचारायची, आला का फोन? मी म्हणायचे, तुझा मुलगा घरातच आहे, तो तरी बोलतो का तुझ्याशी? मग ती हसायची. आम्ही अमळनेरकडचे. माझे मालक इथे सुरतेत उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. कारखान्यामागच्या खोलीत आमचं अर्धं आयुष्य गेलं, मग या सोसायटीत घर घेतलं आणि ते गेले. घरात मी एकटी. हंसाबेनची भिंत माझ्या भिंतीला लागून होती.

सुरतेत इतकी वर्षं काढली, पण गरब्यात मी कधी शिरले नव्हते. नवरात्रात खाली आरती झाली की बाया गोल धरायच्या आणि मी ओट्यावर बसून त्यांच्या चपला नि तान्ही पोरं सांभाळायची. कोणी मला अडवलं नव्हतं. आमच्याकडे कानबाई देवीच्या मिरवणुकीत बाया वाजंत्रीपुढे वाटेल तशा नाचतात, कोणाचं काही चुकत नाही. इथे एकीचं पाऊल चुकलं की मागचा सगळा गोल अडतो. त्याची मला भीती होती. मालक गेल्यानंतर एका वर्षी हंसाबेन ओट्यापाशी येऊन म्हणाली, "सुमनबेन, जन्मभर चपलाच राखणार का? उद्या दुपारी गच्चीवर ये."

गच्चीवर पापड वाळत घातलेले असायचे, त्यांच्या मधल्या जागेत आमची शाळा. पहिल्या दिवशी ती माझ्या समोर उभी राहून शिकवायला लागली. तिचा हात इकडे गेला की मीही इकडेच न्यायची. आरशासारखं. ती पुढे आली की मी मागे जायची. शेवटी एका पापडावर पाय पडला, तेव्हा ती ओरडली की समोर नको, माझ्या पाठीमागे उभी राहा आणि फक्त माझ्या पायांकडे बघ. त्यातही माझं एक चुकतच होतं. टाळी चुकायची. ती वळली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या पायात लूम चालतंय." खरंच होतं ते. रात्रंदिवस खटखट ऐकलेली मी, माझं पाऊल त्याच ठोक्यावर पडायचं, एकसारखं. गरब्याचा ठोका जरा लचकत येतो. तो मला कानाने कधीच कळला नाही. तिची टाच उचलली की मी उचलायची, तिची टेकली की टेकायची. असं करत करत बसला तो अंगात.

त्या नवरात्रात मी तिच्या मागून गोलात गेले. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. नंतर म्हणाली, पाहिलं असतं तर तू माझं तोंड बघितलं असतंस आणि पाय विसरली असतीस. पुढे दर वर्षी तसंच. त्या गोलात माझ्यावाचून कोणाचं अडलं नसतं, पण हंसाबेनच्या मागची जागा माझी, हे सगळ्या बायांना माहीत होतं.

ती गेल्यावर तिच्या साड्या नातेवाइकांत वाटल्या. भांडी घरातच राहिली, ती जागृतीची. माझ्याकडे तिचं काय होतं? ही पावलंच. एका दुपारी गच्चीवर जाऊन करून बघितली, तर वळल्यानंतरचं पाऊल आठवेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. तेव्हा मात्र मी घाबरले. मालकांचा आवाज मी असाच विसरले आहे. आता हेही जाणार... रोज दुपारी वर जायला लागले. पायांना विचारून काही कळत नव्हतं, म्हणून डोळे मिटून तिच्या टाचा आठवल्या, भेगा पडलेल्या, साडीच्या काठाला घासणाऱ्या. त्यांच्या मागे गेले तेव्हा पाऊल सापडलं.

नवरात्र आलं. घरात वर्षभर शोक पाळायचा म्हणून जागृती येणार नव्हती. मला कोणी ये म्हणालं नाही, येऊ नको असंही म्हणालं नाही. मी गेले. पुढे कोण होतं ते पाहिलंच नाही. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "मासी, तमे दर वखते अटको छो. पग दुखे छे?"

मी म्हटलं, पाय नाही दुखत, आणि अडतही नाही, ते असंच असतं. ती म्हणाली, नाही मासी, बघा, आणि तिने करून दाखवलं. वळली आणि न थांबता पुढे गेली. मी इतर बायांकडे पाहिलं. कोणीच थांबत नव्हतं. वळल्यावर उजव्या पायावर क्षणभर थांबायचं, मग डावा टाकायचा, असं अख्ख्या गोलात मी एकटीच करत होते.

दुसऱ्या दिवशी जागृतीला विचारलं. ती म्हणाली, बांचा डावा गुडघा कधीचाच गेला होता, डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली होती, गोलात बाया तुमच्या दोघींमागे जागा सोडायच्या, तुम्हाला माहीत नव्हतं? मला माहीत नव्हतं. दुसऱ्याची झाकणं उघडणारी बाई, स्वतःचं काही दाखवायची नाही. त्या गुडघ्यावर गच्चीचे जिने चढत होती. मूर्ख बाई. आणि मी तिचं दुखणं गरबा म्हणून पाठ केलं.

त्या मुलीने मला बरोबर पाऊल शिकवलं. अवघड नाही, एका दुपारी आलं. गोलात असले की आता मी तसंच टाकते, मागच्यांची अडचण नको. पण त्या नवरात्राच्या उरलेल्या दिवसांत, शेवटचा गरबा सुरू झाला की मी गोलातून निघून कडेला जायची. तिथे मागे कोणी नसायचं. वळायचं, उजव्या पायावर थांबायचं, मग डावा.

माझे गुडघे धड आहेत.